एसीतली बुरशी आणि यूव्ही दिवा: नागपूरच्या घरात तो कुठे चालतो, कुठे नाही

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस पडले की नागपूरच्या घरातला कूलर एकाएकी निरुपयोगी होतो. नवतप्यात ज्यानं घर तगवलं, तोच आता नुसती चिकचिक वाढवतो. मग खिडकीतला कूलर बंद होतो आणि बेडरूममधला एसी सुरू होतो. पोळा जवळ येईतो एसीला दोन-अडीच महिने झालेले असतात, आणि एका रात्री बटण दाबल्यावर पहिल्या दोन मिनिटांत कुबट वास येतो. वास नंतर जातो, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. पण घरात दमा असलेलं मूल किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असलेलं माणूस असेल, तर सकाळच्या शिंका आणि रात्रीचा खोकला त्या वासाच्या मागोमाग येतात.

मेकॅनिक येतो, कव्हर उघडतो, म्हणतो, "काकू, आत बुरशी धरली आहे न." आणि हल्ली त्यापुढे आणखी एक वाक्य ऐकू येतं: आत यूव्ही लाइट बसवून घ्या, बुरशीचा विषयच संपतो.

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. यूव्ही दिवा बुरशीवर खरोखर चालतो, त्यामागचं विज्ञान पक्कं आहे. मात्र तो चांगला चालतो डक्टवाल्या एसीत, म्हणजे छतावरच्या बंद मार्गातून (डक्टमधून) थंड हवा खोल्यांत सोडणाऱ्या एसीत, आणि तसे एसी नागपूरच्या फार थोड्या घरांत आहेत. बाकीच्यांनी दिव्याआधी दुसऱ्याच गोष्टीकडे बघायला हवं, ती म्हणजे एसीच्या पोटात साचून राहणारं पाणी. कारण बुरशीचं मूळ तिथे आहे.

पाणी येतं कुठून?

थंड पाण्याच्या लोट्यावर बाहेरून पाणी सुटतं, तेच एसीच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या वेटोळ्यावर, होतं. हवेत वाफेच्या रूपात पाणी असतंच. ती हवा एका ठरावीक तापमानाखाली गेली की वाफेचं पाणी होतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. कॉइलचा पृष्ठभाग साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असतो. आता नागपूरचे दोन महिने शेजारी ठेवून बघा.

मे महिन्याची दुपार: बाहेर ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. या हवेचा दवबिंदू निघतो ११-१२ अंशांच्या आसपास. म्हणजे कॉइल जेमतेम ओली होते. बाहेरच्या नळीखाली ठेवलेली बादली दिवसभरात तळ झाकेल एवढीही भरत नाही.

ऑगस्टची रात्र: बाहेर २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. तापमान मे महिन्याच्या मानानं कितीतरी कमी, पण दवबिंदू २४ अंशांवर. आता १० अंशांची कॉइल अक्षरशः निथळते. दीड टनाचा एसी जोरात चालत असेल तर तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. तीच बादली रात्रीतून भरून वाहते.

म्हणून मुंबई-कोकणातल्या माणसाला एसीतली बुरशी बाराही महिने छळते, आणि आपल्याकडे ती मुख्यतः जुलै ते सप्टेंबरची गोष्ट आहे. एक अपवाद मात्र खास आपल्याकडचा. कित्येक घरांत उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर आणि बेडरूममध्ये एसी, असे दोन्ही एकाच वेळी चालतात. मधलं दार उघडं, किंवा दाराखाली बोटभर फट. कूलर तर हवेत पाणी सोडण्याचंच काम करतो. ती दमट हवा बेडरूममध्ये शिरते, एसी तिच्यातलं पाणी पुन्हा ओढून काढतो, आणि भर मे महिन्यातही कॉइल ओलीचिंब राहते. विजेचं बिल वाढतं ते वेगळंच. दोन्ही चालवायचे असतील तर मधलं दार नीट बंद हवं.

एसी चालू असेपर्यंत हे पाणी ड्रेन ट्रेमध्ये उतरून नळीवाटे बाहेर जातं. खरी अडचण बंद केल्यावर सुरू होते. सकाळी सहाला रिमोटनं एसी बंद केला की हवा वर-खाली वळवणारी पट्टी मिटते. आत कॉइलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये अडकलेलं पाणी, ट्रेमध्ये उरलेलं पाणी, वर महिनाभराची धूळ, आणि सगळं एका बंद खोक्यात दिवसभर. बुरशीला लागतो ओलावा, थोडं सेंद्रिय खाद्य आणि निवांतपणा. घरातल्या धुळीत कपड्यांचे तंतू असतात, त्वचेचा कोंडा असतो, स्वयंपाकघरातला तेलकटपणा असतो. खाद्याची वानवा नाही. पृष्ठभाग एक-दोन दिवस सलग ओला राहिला, की बीजाणू, म्हणजे बुरशीची हवेत उडणारी सूक्ष्म बीजं, रुजायला सुरुवात होते.

टॉर्च घेऊन एकदा आत बघा

एसी मेन स्विचवरून बंद करा. खालची पट्टी हातानं हळूच उघडा आणि मोबाइलचा टॉर्च आत तिरका धरा. तुम्हाला एक लांब, आडवा, पिंजऱ्यासारखा दंडगोल दिसेल. हा ब्लोअर. त्याच्या प्रत्येक पात्याला आतल्या बाजूनं किंचित वक्रता असते आणि त्या खोलगट भागात धूळ घट्ट बसते. बोटाला फडकं गुंडाळून एका पात्यावरून फिरवा. कोरडी करडी धूळ आली तर ठीक. काळपट, चिकट थर आला, किंवा पात्यांवर काळे-हिरवट ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे.

वरचं झाकण उघडून जाळी काढली की मागे कॉइल दिसते, आणि गंमत म्हणजे ती अनेकदा बऱ्यापैकी स्वच्छ असते. तिच्यावरून रोज पाणी वाहतं, त्यामुळे थोडीफार धुतली जाते. स्प्लिट एसीत बुरशीचं मोठं ठाणं बहुतेक वेळा ब्लोअरवर आणि हवा बाहेर पडण्याच्या वाटेवर असतं. कॉइलवरून येणारी हवा अतिशय दमट असते, तीच ब्लोअरवरून जाते, आणि तिथे मात्र धुऊन निघण्याची सोय नाही. दिव्याचा हिशोब करताना ही जागा लक्षात ठेवायला हवी.

यूव्ही दिवा नेमकं करतो काय

सूर्यप्रकाशातल्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे किरण म्हणजे अतिनील, म्हणजेच यूव्ही. त्यांचे तीन भाग करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा ए, २८० ते ३१५ चा बी, आणि १०० ते २८० चा सी. जंतू मारायला सगळ्यात कामाचा तो सी. सूर्याकडून येणारा यूव्ही-सी वातावरणातच, मुख्यतः ओझोनच्या थरात, शोषला जातो, त्यामुळे आज जमिनीवरच्या जीवांचा त्याच्याशी संबंधच येत नाही. हे किरण पेशीतल्या डीएनएवर पडले की त्यातल्या शेजारशेजारच्या थायमिन नावाच्या घटकांना ते एकमेकांना चिकटवून टाकतात. डीएनएची नक्कल करता येत नाही, पेशी पुढे वाढू शकत नाही.

ही कल्पना नवी नाही. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी सूर्यप्रकाशात जिवाणूंची वाढ थांबते हे दाखवलं. प्रकाशानं त्वचेच्या क्षयावर उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आणि आपल्या घरात तर हे तंत्र कधीचं येऊन बसलं आहे: भिंतीवरच्या पाण्याच्या फिल्टरवर "आरओ + यूव्ही" लिहिलेलं असतं, त्यातला यूव्ही हाच. त्याचा दिवा पाऱ्याच्या वाफेचा, कमी दाबाचा असतो आणि त्याचे किरण मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे असतात. एसीत लावायच्या चांगल्या दिव्यावरही हाच आकडा असतो.

फिल्टरमध्ये हा दिवा इतका भरवशाचा का ठरतो? बंद नळकांड्यात तो मधोमध असतो, पाणी त्याला जवळजवळ खेटून जातं, हळू जातं, आणि जिवाणू तसे नाजूक असतात. एसीत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

बावीस मिनिटं आणि अर्धा सेकंद

यूव्हीचा सगळा खेळ मात्रेचा आहे. मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. मंद दिवा बराच वेळ किंवा प्रखर दिवा थोडा वेळ, परिणाम सारखाच.

ई. कोलाय हा जिवाणू घ्या. त्यातले ९० टक्के निकामी करायला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३ मिलिजूल एवढी मात्रा लागते. आता अ‍ॅस्परजिलस नायजर, म्हणजे शिळ्या पोळीवर, कांद्याच्या सालीवर दिसणारी काळी बुरशी. तिच्या बीजाणूंना नेहमीच्या तक्त्यांत त्याच कामासाठी १३० मिलिजूलच्या आसपास मात्रा दिलेली असते. चाळीसपटीहून जास्त. कारण तिचा काळा रंग. तो मेलॅनिनचा असतो, आणि आपल्या त्वचेला जसा तो उन्हापासून वाचवतो तसाच बीजाणूलाही वाचवतो.

कॉइलसमोर बसवलेल्या चांगल्या दिव्याची तीव्रता कॉइलच्या पृष्ठभागावर साधारण ५० ते १०० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर असते. १०० धरू, म्हणजे सेकंदाला ०.१ मिलिजूल. जिवाणूचं काम अर्ध्या मिनिटात होतं. काळ्या बुरशीला लागतात बावीस मिनिटं.

कॉइल जागची हलत नाही. दिवा चोवीस तास चालू असेल तर तिला बावीस मिनिटं काय, रोज चौदाशे चाळीस मिनिटं मिळतात. तिथे बुरशी रुजणं जवळजवळ अशक्य. पण डक्टमधून वाहणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास असतो. दिव्याच्या उजेडाचा पट्टा मीटरभर असला, तर हवेतला बीजाणू त्यातून अर्ध्या सेकंदात पार होतो. बावीस मिनिटांच्या कामाला अर्धा सेकंद.

"आमच्या दिव्यातून जाणारी हवा निर्जंतुक होते" असं कुणी घरगुती एसीबद्दल सांगत असेल, तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा. दिवा ओला, स्थिर पृष्ठभाग बुरशीमुक्त राखतो. उडत्या बीजाणूंपुढे त्याचं फारसं चालत नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही घरगुती यूव्ही उपकरणांबद्दल हेच सांगते: बुरशीचे बीजाणू चिवट असतात, आणि घरगुती उपकरणांत मिळणारी मात्रा त्यांना सहसा पुरत नाही.

पृष्ठभागाबाबतचा पुरावा मात्र चांगला आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहरात तीन ऑफिस इमारतींच्या मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणेत कॉइल आणि ड्रेन ट्रेवर यूव्ही दिवे लावले गेले. ७७१ कर्मचाऱ्यांवर वर्षभर अभ्यास झाला. दिवे काही आठवडे चालू, काही आठवडे बंद ठेवले, आणि केव्हा काय आहे हे कर्मचाऱ्यांना सांगितलं नाही. २००३ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उजेड पडणाऱ्या पृष्ठभागावरचे सूक्ष्मजीव ९९ टक्क्यांनी घटले. नाक, घसा, छाती, डोळे यांच्या कामाच्या जागी होणाऱ्या तक्रारी एकूण सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या. दिव्याच्या बाजूनं याहून भक्कम काही मला माहीत नाही, आणि म्हणूनच त्यातली एक गोष्ट विसरता कामा नये: ती मोठ्या इमारतींची डक्टवाली यंत्रणा होती.

स्प्लिट एसीत तोच दिवा का फसतो

प्रकाश सरळ रेषेत जातो. त्याला वळण घेता येत नाही. डक्टवाल्या एसीत कॉइलच्या मागे हात-दीड हात मोकळी जागा असते, तिथे दिवा आडवा बसवला की समोर सपाट कॉइल आणि खाली ट्रे, दोन्ही उजेडात येतात. भिंतीवरच्या स्प्लिट एसीत कॉइल कमानीसारखी वाकलेली, तिच्या पोटात ब्लोअर, आणि दोन्हींत काही बोटांचं अंतर. बाहेरून आणलेला दिवा बसतो तो कॉइलच्या पुढच्या बाजूला, जाळीमागे. त्याचा उजेड पडतो कॉइलच्या कोरड्या बाजूवर. बुरशी आहे पलीकडे, ब्लोअरच्या पात्यांच्या खोबणीत. तिथे अंधारच.

दुसरी अडचण प्लास्टिकची. ब्लोअर, ड्रेन ट्रे, पूर्ण खोकं, जाळी, वायरींवरचं आवरण, सगळं प्लास्टिक. यूव्ही-सी प्लास्टिकला पिवळं पाडतो, ठिसूळ करतो. ट्रेला तडा गेला की पाणी भिंतीवर. वायरीचं आवरण फुटलं तर त्याहून वाईट. कंपनीनं रचनेतच दिवा धरलेला नसताना बाहेरून ट्यूब बसवून घेतली, तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागण्याची शक्यताही आहेच.

काही कंपन्या आता एसीच्या आतच छोटे यूव्ही एलईडी देतात आणि ते थेट ब्लोअरवर रोखलेले असतात. ही कल्पना मला पटते. ब्लोअर फिरतो, त्यामुळे प्रत्येक पातं आळीपाळीनं उजेडासमोर येतं, आणि प्लास्टिकही त्या हिशोबानं निवडलेलं असतं. पण एलईडीची ताकद मिलिवॅटमध्ये मोजावी लागते. स्वच्छ ब्लोअर स्वच्छ ठेवायला त्याची मदत होईल, चार वर्षांचा काळा थर तो उतरवणार नाही.

बाजारात, विशेषतः ऑनलाइन, आणखी एक प्रकार मिळतो: चिकटवायची जांभळी एलईडी पट्टी. लावल्यावर एसीतून सुंदर जांभळा प्रकाश पडतो. खोक्यावर बारीक अक्षरात ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटर लिहिलेलं असेल, तर तो यूव्ही-सी नाहीच. डीएनएवरचा परिणाम २६५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतो, तिथून हा आकडा फार लांब आहे. आणि यूव्ही-सी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रंग किती गडद यावरून काही ठरत नाही. ज्या खोक्यावर तरंगलांबीच छापलेली नाही, ते घेऊच नका.

ओझोन सोडणाऱ्या उपकरणांपासूनही लांब राहा. पाऱ्याच्या दिव्यातून १८५ नॅनोमीटरचे किरणही निघतात आणि ते हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन करतात. चांगल्या दिव्याची काच हे किरण अडवते, त्यावर तसं लिहिलेलं असतं. वर आकाशात ओझोन आपल्याला वाचवतो, पण बंद बेडरूममध्ये तो फुप्फुसांना त्रास देतो. दम्याच्या मुलासाठी म्हणून आणलेल्या यंत्रातून ओझोन यावा, यापेक्षा वाईट काय?

मेलेली बुरशीही त्रास देते

विक्रेत्यांच्या बोलण्यात ही गोष्ट कधीच येत नाही. अ‍ॅलर्जी होते ती बुरशीच्या प्रथिनांमुळे. बुरशी जिवंत आहे की मेलेली, याच्याशी आपल्या नाकाला घेणंदेणं नसतं. म्हणजे काळ्या पडलेल्या एसीत दिवा लावला आणि त्यानं सगळी बुरशी मारली असं मानलं, तरी तिचे सुकलेले तुकडे पात्यांवरून सुटून खोलीत येतच राहणार. आधी धुणं, मग दिवा. हा क्रम उलटा करता येत नाही.

एक भीतीही इथेच बाजूला करतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं नागपुरात अनेक घरं हादरली, आणि तेव्हापासून "काळी बुरशी" हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. एसीत दिसणारे काळे ठिपके बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस अशा सर्वत्र आढळणाऱ्या बुरशींचे असतात. म्युकरमायकोसिस झाला तो प्रामुख्यानं अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना. त्यामुळे घाबरून एसी भिंतीवरून उतरवू नका. मात्र घरात केमोथेरपी चाललेलं, अवयव प्रत्यारोपण झालेलं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारं माणूस असेल, तर त्याच्या खोलीतला एसी स्वच्छ असण्याबाबत तडजोड नको, आणि सफाई चालू असताना ते माणूस त्या खोलीत नको.

मग स्प्लिट एसीवाल्यांनी काय करायचं

पाणी सुकवायचं. पावसाळ्यात एसी बंद करण्याआधी अर्धा तास रिमोटवर फॅन मोड लावा. कॉम्प्रेसर थांबतो, ब्लोअर फिरत राहतो, कॉइल खोलीच्या तापमानाला येते आणि सुकते. नव्या एसींत 'ऑटो क्लीन' किंवा तशाच नावाचं बटण असतं. ते सुरू केलं की बंद केल्यावर एसी स्वतःच काही वेळ पंखा चालू ठेवतो. कितीतरी घरांत हे बटण एकदाही दाबलेलं नसतं. रिमोट हातात घ्या आणि आजच शोधा. पैसा न लागणारा, यूव्ही दिव्यापेक्षा जास्त गुणकारी असा हा उपाय आहे.

१८ वर लावून गोधडी घेऊन झोपण्याची सवयही सोडावी लागेल. ऑगस्टमध्ये आपल्याला त्रास उकाड्यापेक्षा दमटपणाचा असतो. २५-२६ वर किंवा ड्राय मोडवर ठेवला तरी झोप चांगली लागते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचं आपोआप येणारं तापमान २४ अंश ठेवायला लावलं ते विजेसाठी, पण अति थंड कॉइल आणि भिंतींवर सुटणारी ओल टाळायलाही ते उपयोगी आहे. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहते का, हे छोट्या आर्द्रतामापकावर कळतं.

सर्व्हिसिंगबद्दल थोडं नीट बोलायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. मेकॅनिक पिशवी बांधतो, कॉइलवर प्रेशरचं पाणी मारतो, जाळी धुतो आणि बिल देतो. ब्लोअरला हातच लागत नाही. आधीच सांगा: "दादा, ब्लोअर धुवायचा आहे, आणि धुऊन झाल्यावर टॉर्चनं दाखवा." थर घट्ट असेल तर ब्लोअर काढून बाहेर धुवावा लागतो. त्याला वेळ लागतो, त्याचे वेगळे पैसे मागितले तर ते रास्त आहेत. कॉइलवर अ‍ॅसिड किंवा ब्लीच मारू देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. सौम्य कॉइल क्लीनर आणि भरपूर पाणी पुरतं. धुतल्यानंतर ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून बघा. ते बाहेरच्या नळीतून लगेच आणि धारेनं यायला हवं. थेंब थेंब येत असेल तर नळीत शेवाळासारखा चिकट गोळा अडकला आहे, किंवा नळीचा उतारच चुकला आहे. ट्रेमध्ये कायम पाणी साचत असेल, तर वरचे सगळे उपाय वाया.

वासावर सुगंधी स्प्रे मारण्यात अर्थ नाही. त्या स्प्रेचा ओलसर थर पात्यांवर बसतो आणि पुढची धूळ आणखी घट्ट धरतो.

नागपुरात दिवाळीच्या आसपास एसी बंद होतात ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. ऑक्टोबरच्या उन्हाच्या एखाद्या कोरड्या दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, दोन-तीन तास नुसता फॅन मोड चालवा, जाळी धुऊन उन्हात वाळवा, आणि मगच मेन स्विच बंद करा. ओल्या एसीला प्लास्टिकचं कव्हर घालून चार-पाच महिने ठेवणं म्हणजे आत बुरशी जोपासणंच. झाकायचंच असेल तर जुन्या सुती चादरीनं झाका.

डक्टवाला एसी असेल तर

शहरात आता काही मोठ्या फ्लॅटमध्ये, डुप्लेक्समध्ये, बंगल्यांत फॉल्स सीलिंगच्या वर लपलेला डक्टवाला एसी बसवतात. दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये तर असतोच. तिथे कॉइलपर्यंत हात पोचत नाही, सफाईला सीलिंग उघडावं लागतं, म्हणून ती वर्षानुवर्षं टळते. इथे यूव्ही दिवा लावा असं मी मोकळेपणानं सांगेन, मात्र एकदा कॉइल आणि ट्रे नीट धुऊन घेतल्यावर.

दिवा कॉइलच्या त्या बाजूला हवा जिथून थंड हवा बाहेर पडते, म्हणजे ओली बाजू आणि ट्रे त्याच्या समोर येतात. एसी बंद असला तरी दिवा चालू राहायला हवा, कारण बुरशी वाढते ती यंत्र थांबल्यावरच. २० वॅटचा दिवा चोवीस तास चालला तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट होतात. आपल्या हवेत तो पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालवून, कॉइल पूर्ण कोरडी झाल्यावर बंद ठेवायला हरकत नाही. उजेडाच्या टप्प्यात येणाऱ्या वायरी आणि प्लास्टिकच्या नळ्यांना अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळून घ्या. फिल्टर त्या उजेडात येत असेल तर जागा बदला.

पॅनेल उघडताक्षणी दिवा आपोआप बंद होईल असा स्विच हवाच हवा. याबाबत इलेक्ट्रिशियनचं "काही होत नाही" ऐकून घेऊ नका. २५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी आठ तासांत मिळून ६ मिलिजूल ही माणसाची सुरक्षित मर्यादा बराच काळ धरली गेली आहे. कॉइलवर १०० मायक्रोवॅट असतील, तर त्या जागी डोळा नेणाऱ्याची ती मर्यादा एका मिनिटात संपते. त्या क्षणी काही जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपखुप सुरू होते, डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघितल्यावर होतं तेच. बहुतेकदा एक-दोन दिवसांत ते बरं होतं, पण तेवढे दोन दिवस फार वाईट जातात. साधी काच यूव्ही-सी अडवते, म्हणून दिवा चालू आहे का हे बघायला पॅनेलवर छोटी काचेची खिडकी करून घ्या.

निळसर उजेड दिसतो म्हणजे दिवा काम करतो, असं समजू नका. चांगल्या दिव्याचं आयुष्य साधारण ९,००० तास असतं, म्हणजे सलग चालवला तर वर्षभर. त्यानंतरही तो निळा उजळत राहतो, पण यूव्ही-सी बराच घटलेला असतो. बसवल्याची तारीख पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. काचेला बोट लावू नका. धूळ बसली तर दिवा बंद, थंड असताना स्पिरिट लावलेल्या मऊ फडक्यानं पुसा. दिव्यात थोडा पारा असतो, म्हणून जुना दिवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, आणि झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करून ओल्या कागदानं जागा पुसून घ्या.